अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील नैतिक निवड आणि समाजसुधारणा : एक चिकित्सक अभ्यास

१. प्रस्तावना

कादंबरी किंवा नाटक वाचताना ‘या पात्राने असे का केले?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात हाच प्रश्न ‘मी असे का केले?’ असे रूप घेतो. खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीची भूमिका स्वीकारतो, तिच्या वतीने बोलतो, लढतो, दान करतो किंवा फसवतो आणि त्या कृतींचे परिणाम पुढे पाहतो. त्यामुळे नैतिक निवड हा या कलाप्रकाराचा केवळ विषय न राहता त्याच्या रचनेचाच भाग होतो. हे या प्रकाराचे सामर्थ्य आहे. त्याची मर्यादाही येथेच आहे.

मराठी समीक्षेने चित्रपट, दूरदर्शन मालिका व जाहिरात यांची दखल घेतली. व्हिडिओ गेम मात्र बव्हंशी ‘मुलांचा वेळ खाणारी वस्तू’ म्हणूनच चर्चेत येतो. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी राजा, प्रजा, अन्याय आणि बंड यांविषयीच्या काही कल्पना या खेळांतूनही घेतलेल्या असतात. म्हणून या संहितांचे वाचन इतर संहितांइतक्याच गांभीर्याने होणे आवश्यक आहे.

अद्भुतरम्य भूमिकाखेळ व्यक्तीच्या सद्वर्तनाची कसोटी कुशलतेने घेतात. परंतु समाजसुधारणा दाखविण्याची वेळ आली की ते तिला नायकाचे पुण्य, राजाचे फर्मान किंवा कथेअखेरचे टिपण यांपैकी एका रूपात बसवितात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ‘अल्टिमा’ मालिकेतील तीन खेळ (१९८५ ते १९९०), ‘फेबल ३’ (२०१०) आणि ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) या कृती निवडल्या आहेत. यांपैकी शेवटच्या खेळात जन्माधिष्ठित जातिव्यवस्थेचे सविस्तर चित्रण असल्याने मराठी वाचकाला तो विशेष विचारप्रवृत्त करणारा आहे. कालक्रम किंचित बदलून त्याचा विचार शेवटी केला आहे.

२. अभ्यासदृष्टी

योहान हुइझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात खेळ हा संस्कृतीचा घटक असल्याचे मांडले. संगणकीय खेळांच्या स्वतंत्र अभ्यासाला एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने मोठी चालना दिली. इयन बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) मध्ये, खेळ आपले म्हणणे शब्दांपेक्षा नियमांमधून पटवून देतो, असा विचार मांडला. प्रस्तुत लेखात हाच विचार आधारभूत मानला आहे. खेळातील पात्रे काय बोलतात याबरोबरच खेळ काय मोजतो, कशाला बक्षीस देतो आणि कशाची मोजदादच करीत नाही, हे पाहणे म्हणजे त्या खेळाची समीक्षा होय.

या मोजमापाची परंपरा कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळापर्यंत मागे जाते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळात प्रत्येक पात्राचा कल प्रारंभी सुव्यवस्था, तटस्थता किंवा अराजक असा नोंदविला जाई. पुढे त्याला सुष्ट आणि दुष्ट यांची जोड मिळून नऊ प्रकार सिद्ध झाले. नीती हा पात्राच्या अंगचा गुण आहे आणि तो त्याच्या नावापुढे लिहिता येतो, ही कल्पना येथून संगणकीय खेळांत आली.

३. सद्गुणांची साधना : ‘अल्टिमा’

रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा खेळ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच्या बहुतेक भूमिकाखेळांत शेवटी एखाद्या दुष्ट शक्तीचा वध करावयाचा असे. या खेळात असा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण आत्मसात करून ‘अवतार’ होणे हेच ध्येय आहे. मूळ संस्कृत शब्द अमेरिकी खेळात येताना त्याच्या अर्थाची दिशा उलटी झाली, हे येथे नोंदविण्यासारखे आहे. आपल्याकडे देव खाली उतरतो तेव्हा अवतार होतो. या खेळात माणूस साधनेने वर चढून अवतार होतो.

ही साधना लहानसहान कृतींतून मोजली जाते. मंत्रसामग्री विकणारे दुकानदार अंध आहेत. किती नाणी ठेवली हे ते पाहू शकत नाहीत. कमी पैसे ठेवणारा खेळाडू त्या क्षणी पकडला जात नाही, पण त्याच्या प्रामाणिकपणाची नोंद घसरते आणि पुढे कधीतरी ते आड येते. कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न येथे थेट खेळाचा नियम होतो. १९८५ च्या तुटपुंज्या संगणकीय साधनांनी साधलेले हे यश आजही आदरास पात्र आहे.

तथापि, याच खेळातील भिकाऱ्याकडे पाहिले की मर्यादा ध्यानात येते. भिकाऱ्याला एक नाणे दिले तरी करुणेत भर पडते. पुनःपुन्हा दिले तर पुनःपुन्हा पडते. अशा रीतीने खेळाडू करुणेच्या पूर्णत्वाला पोहोचतो. भिकारी मात्र होता तेथेच राहतो. खेळाच्या हिशेबात तो दात्याच्या उन्नतीचे साधन आहे. दारिद्र्य का आहे हा प्रश्न विचारण्याची सोय नियमांत नाही. दानधर्म आणि समाजसुधारणा यांतील भेद याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

ही उणीव पुढील दोन भागांत अंशतः भरून निघते. ‘अल्टिमा ५’ (१९८८) मध्ये राजा बेपत्ता झाल्यावर सत्ता हाती घेणारा ब्लॅकथॉर्न तेच आठ सद्गुण कायद्याने सक्तीचे करतो. खोटे बोलणाऱ्याची जीभ छाटावी, दान न देणाऱ्याचे उत्पन्न काढून घ्यावे, अशी फर्माने निघतात. आधीच्या खेळात जे स्वेच्छेचे व्रत होते, तेच येथे जुलमाचे हत्यार होते. नीतीची आज्ञा देता येते, पण आज्ञेने नीती निर्माण होत नाही, असा हा विचार आहे.

‘अल्टिमा ६ : द फॉल्स प्रॉफेट’ (१९९०) याहून पुढे जातो. पवित्र स्थाने बळकावणाऱ्या, दैत्यासारख्या दिसणाऱ्या गार्गॉइल लोकांशी युद्ध चालू असते आणि खेळाडू त्यांना हुसकावण्याच्या कामाला लागतो. त्यांचा ग्रंथ व त्यांची भाषा समजू लागल्यावर मात्र उलगडते, की चौथ्या भागाच्या अखेरीस आपण ज्या ज्ञानग्रंथापर्यंत पोहोचलो, तो त्यांच्या जगातून हलविला गेल्यामुळेच ते जग कोसळत आहे. त्यांच्या भविष्यकथनातील ‘खोटा प्रेषित’ म्हणजे आपणच. त्यांच्या प्रदेशात शिरण्यासाठी नायकाला शरणागतीचे चिन्ह गळ्यात घालावे लागते आणि अखेरचा तोडगा विजयाचा नसून दोन्ही समाजांना त्या ग्रंथाचे दर्शन घेता येईल अशी व्यवस्था करण्याचा आहे. स्वतःच्या पुण्याची किंमत दुसऱ्या कोणी चुकविली असू शकते, ही जाणीव देणारा हा प्रसंग ‘अल्टिमा’ मालिकेचा नैतिक उत्कर्षबिंदू होय.

४. सुधारणेचा जमाखर्च : ‘फेबल ३’

ब्रिटनमधील लायनहेड स्टुडिओच्या ‘फेबल’ (२००४) या खेळात नीती थेट देहावर उमटते : सत्कृत्ये केल्यास डोक्यामागे तेजोवलय येते, दुष्कृत्ये केल्यास शिंगे फुटतात. ‘फेबल ३’ (२०१०) मध्ये नायक राज्यकर्ता होतो. पूर्वार्धात तो आपल्या जुलमी भावाविरुद्ध, राजा लोगन याच्याविरुद्ध बंड उभारतो. त्यासाठी डोंगरात राहणाऱ्या लोकांना, शहरातील कामगारांच्या पुढाऱ्यांना, परक्या देशातील पीडितांना वचने देतो. सिंहासनावर बसल्यावर कळते, की लोगनच्या जुलमामागे कारण होते. एक अंधःकारमय शक्ती राज्यावर चाल करून येणार आहे आणि संरक्षणासाठी खजिन्यात ६५ लाख सुवर्णमुद्रा हव्यात. प्रजेची संख्याही ६५ लाखच आहे. कमी पडणारी प्रत्येक मुद्रा म्हणजे एक मृत नागरिक.

विरोधी पक्षात असताना दिलेली वचने सत्तेवर आल्यावर का मोडतात, या प्रश्नाला हात घालण्याचे धाडस येथे दिसते. कारखान्यात पुन्हा मुलांना राबवावे की तेथे शाळा काढावी, अशा निवडी एकामागून एक समोर येतात. सुधारणा केली की खजिना रिता होतो, शोषण केले की भरतो. एकूण योजना अशी की, दयाळू राजाच्या राज्यात माणसे मरावीत आणि क्रूर राजाच्या राज्यात वाचावीत.

या मांडणीत दोन दोष आहेत. पहिला असा, की सुधारणा हा केवळ खर्च आहे असे खेळ गृहीत धरतो. शिकलेली मुले पुढे राज्याला काही देतील, किंवा न्याय मिळालेली प्रजा स्वतः संरक्षणाला उभी राहील, ही शक्यता त्या हिशेबात नाही. दुसरा दोष अधिक बोलका आहे. खेळाडू राज्यातील घरे व दुकाने विकत घेऊन त्यांच्या भाड्यातून अफाट धन जमवू शकतो आणि ते खजिन्यात ओतून सर्व वचनेही पाळू शकतो. म्हणजे संपूर्ण राज्याचा घरमालक होणे हा या नैतिक पेचावरचा उपाय ठरतो. प्रजेकडून भाडे घ्यावयाचे आणि त्याच पैशातून तिच्यावर उपकार करावयाचे, यातील विसंगती संहितेच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. पात्रांच्या तोंडी न्यायाची भाषा आहे. नियमांचे बोलणे वेगळेच आहे.

५. जात आणि सिंहासन : ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’

कॅनडातील बायोवेअर या संस्थेच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये नायकाच्या सुष्ट-दुष्टतेचा मापक नाही. प्रत्येक निर्णयावर सोबत्यांची मर्जी किंवा नाराजी तेवढी नोंदली जाते. येथे नीती स्वर्गीय हिशेबनिसाच्या वहीतून माणसांच्या परस्परसंबंधांत उतरते.

या खेळातील ऑर्झामार हे ड्वार्फ लोकांचे, म्हणजे ठेंगण्या भूगर्भवासी लोकांचे नगर आहे. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणकामगार, सेवक अशा जाती जन्माने ठरतात. मुलाला बापाची आणि मुलीला आईची जात मिळते. सर्वांच्या खाली जातिबाह्य लोक. त्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते, डस्ट टाऊन नावाच्या वस्तीत ते राहतात, आणि पूर्वजांच्या पवित्र ‘पाषाणा’नेच त्यांना नाकारले आहे असे मानले जाते. विषमतेला धर्माचा आधार दिला की ती अन्याय न वाटता सृष्टिक्रम वाटू लागते, हे येथे नेमके टिपले आहे. खेळाडूने जातिबाह्याची भूमिका घेतल्यास त्याला एका योद्ध्याचे चिलखत चढवून प्रतिष्ठित द्वंद्वस्पर्धेत उतरावे लागते. तो जिंकतो, पण जात उघड होताच विजेत्याची रवानगी तुरुंगात होते. त्याचे कौशल्य सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, तरी ते मोजले जात नाही.

पुढे राजा मरण पावतो आणि वारसाचा वाद पेटतो. एकीकडे राजपुत्र भेलेन : भावाच्या हत्येचे कारस्थान रचणारा, कपटी, सत्तालोलुप. दुसरीकडे सरदार हॅरोमॉन्ट : सौम्य, शब्दाला जागणारा, परंपरानिष्ठ. सवयीने खेळाडू सज्जनाची बाजू घेतो. खेळ संपल्यानंतर येणाऱ्या टिपणातून त्याला कळते, की हॅरोमॉन्टच्या राज्यात जातिबंधने अधिक आवळली गेली आणि बाहेरच्या जगाशी संबंध आक्रसले. तर भेलेनने व्यापार खुला केला, जातिबाह्यांना शस्त्र धरण्याचा मार्ग मोकळा करून काही अधिकार दिले, मात्र सरदारांची सभा बरखास्त करून एकहाती सत्ताही मिळविली.

चारित्र्य आणि सामाजिक परिणाम या दोन वस्तू येथे वेगळ्या काढल्या जातात. ‘चांगला माणूस’ अन्यायी व्यवस्थेचा सर्वांत विश्वासू पहारेकरी असू शकतो, ही गोष्ट अद्भुतरम्य खेळांच्या परंपरेत एवढ्या स्पष्टपणे क्वचितच सांगितली गेली आहे. मराठी वाचकाला ती नवी नाही. वैयक्तिक जीवनात निर्मळ, पण पाणवठ्याच्या प्रश्नावर कठोर, अशी माणसे आपल्या सामाजिक इतिहासात पुष्कळ आढळतात.

तरीही चित्रण येथे थांबते आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले, नायक ऑर्झामारमध्ये येतो तो तेथील न्यायासाठी नव्हे, तर डार्कस्पॉन नावाच्या राक्षसी सैन्याविरुद्ध फौज मिळावी म्हणून. सुधारणा हे त्याच्या मोहिमेचे आनुषंगिक फळ आहे. दुसरे, सुधारणेचा कर्ता राजाच आहे; डस्ट टाऊनमधील माणसांनी स्वतः संघटित होऊन मागणी केली असे खेळाडूला घडविता येत नाही. तिसरे, सुधारणा घडताना दिसत नाही. ती काही ओळींच्या मजकुरात उरकली जाते. लढाईचे शेकडो नियम करणाऱ्या खेळाने सुधारणेसाठी एकही नियम केलेला नाही.

खेळाडू स्वतः जातिबाह्याची भूमिका घेऊ शकतो, हा यावरचा आक्षेप विचारात घ्यावा लागेल. तो रास्त आहे. परंतु हा नायक नगर सोडून ग्रे वॉर्डन या योद्धासंघात जातो, परततो तो त्या संघाच्या अधिकाराने. त्याची उन्नती त्याच्या एकट्याची असते. वस्तीतून एक जण बाहेर पडला म्हणजे वस्ती मुक्त झाली असे नव्हे.

६. फर्मान आणि पाणवठा

राजाज्ञेने होणारी सुधारणा खोटी, असा याचा अर्थ नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला, ही सत्ताधीशाने केलेली खरी सुधारणा होती. प्रश्न फर्मान निघाल्यानंतर काय होते हा आहे, आणि त्याचे उत्तर महाडच्या इतिहासात आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. कागदावर सुधारणा पूर्ण झाली होती. तळ्याचे पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तेथे चालत गेले तेव्हा प्राशन केले गेले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि न्यायालयीन लढ्याचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला.

ऑर्झामारचे अखेरचे टिपण १९२३ च्या ठरावाशी थांबते. १९२७ चा दिवस आणि त्यापुढची दहा वर्षे त्यात नाहीत. एखाद्या विदेशी खेळाने महाड दाखवावे अशी अपेक्षा येथे नाही. ज्या कृतीने जातिव्यवस्था हा विषय स्वतःहून निवडला, तिला त्या विषयाचे माप लावणे मात्र समीक्षेचे कर्तव्य आहे. बोलके सुधारक आणि कर्ते सुधारक असा भेद मराठीत रूढ आहे. या खेळांनी त्यात तिसरा प्रकार आणला : निवडणारा सुधारक. तो दोन पर्यायांतून एकावर बोट ठेवतो आणि पुढच्या मोहिमेला निघून जातो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘अल्टिमा ४’ने सद्वर्तनाला खेळाच्या नियमात आणले, पण त्याचे माप दात्याच्या आत्मोन्नतीपुरते राहिले. ‘फेबल ३’ने सुधारणेची किंमत विचारली, पण तिला केवळ खर्च मानले. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ने चारित्र्य व सामाजिक परिणाम यांची फारकत करून सर्वांत प्रगल्भ प्रश्न उभा केला, पण ज्यांच्यासाठी सुधारणा, त्यांना तिचे कर्तेपण दिले नाही.

या मर्यादा माध्यमाच्या स्वभावातच आहेत असे म्हणून प्रश्न सोडून देता येणार नाही. भूमिकाखेळ एका नायकाभोवती फिरणार हे खरे. तरी ‘अल्टिमा ६’ने नायकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून दाखविले आहे. जो खेळ शत्रूची भाषा शिकायला लावू शकतो, तो वस्तीतील सभा भरविणे, ठरावाची अंमलबजावणी करून घेणे, पराभवानंतर पुन्हा उभे राहणे यांनाही नियमांत स्थान देऊ शकेल.

अध्यापकांच्या दृष्टीने या अभ्यासाचा उपयोग व्यावहारिक आहे. जातिव्यवस्था किंवा समाजसुधारणा शिकविताना विद्यार्थ्याला ‘तू भेलेनला निवडशील की हॅरोमॉन्टला?’ असे विचारता येईल. तो आवडीने उत्तर देईल. त्यापुढचा प्रश्न शिक्षकाने विचारला पाहिजे : ‘या निवडीत डस्ट टाऊनच्या लोकांना कोणी विचारले का?’ खेळाने न विचारलेला हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर त्या खेळाचे वाचन सार्थकी लागेल.